दारातला पोचा

हात म्हणत होता, दार सपाट आहे. डोळे म्हणत होते, पोचा अजून तिथेच आहे.

मास्तरांनी डोळे मिटून गाडीच्या दारावरून पुन्हा तळवा फिरवला. वरून खाली, मग आडवा. कुठे खळगा नाही की उंचवटा नाही. नव्या निळ्या रंगाखाली पत्रा इस्त्री केल्यासारखा होता. पण डोळे उघडले की हँडलच्या खाली, बाहीचा मुंढा कापावा तसा तो वळसा उमटलेला. त्या रेषेवरून रंग मागे सरला होता आणि बारीक खळग्यांतून खालचा राखाडी प्रायमर दिसत होता. बायकोने गाडी फाटकाच्या खांबाला घासली तेव्हा पडलेला पोचा, त्याच मापाचा, त्याच वळणाचा. पत्र्यातून गेला होता आणि रंगात परत आला होता.

"असं कसं?" मास्तर मोठ्याने म्हणाले. उत्तर द्यायला अंगणात कोणी नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. सगळी हयात लोकांच्या अंगावर कपडे बसवण्यात गेली. गुडघे बोलायला लागले तसं त्यांनी दुकान बंद करून मशीन घरच्या पुढच्या खोलीत आणलं. गाडी मात्र त्यांची कधीच नव्हती, ती बायकोची. मास्तर एकदा शिकायला बसले होते, तर तिने दुसऱ्याच वळणावर त्यांना उतरवलं. "अहो, तो मशीनचा पायटा नाही. एकसारखा दाबत काय बसलात?" त्यानंतर ते जन्मभर शेजारच्या सीटवर बसले, मांडीवर पिशवी घेऊन, आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

पोचा पडला त्या दिवशी ती तपासण्या करून एकटीच परतत होती. हाताला मुंग्या येत होत्या, त्यामुळे स्टिअरिंग जरा उशिरा वळलं. आवाज ऐकून मास्तर अनवाणी बाहेर धावले. ती उतरली, पोच्याकडे बघून हसली.

"राहू दे," म्हणाली. "आता शंभर गाड्यांत माझी ओळखू येईल."

त्यानंतर तिने गाडी चालवली नाही. दुखणं लांबलं नाही, हीच काय ती दया. ती गेली आणि गाडी फाटकाच्या आत तशीच उभी राहिली. सीट तिच्या उंचीला पुढे ओढलेली, आरसा तिच्या नजरेला लावलेला. मास्तर कधी कधी आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसत आणि दार ओढून घेत. आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत नसे, मागच्या काचेचा कोपरा दिसे. तिला दिसायचा तेवढाच रस्ता त्यात होता.

पोच्याच्या कडेने रंग तडकला होता. तिथून पाणी शिरलं आणि गंजाने धरलं. टाचणीच्या डोक्याएवढा होता तो बघता बघता बटणाएवढा झाला. त्यातच लेकीला दूरच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. ड्युटीच्या वेळा अशा की बस मिळेना. तिने फोन केला. "बाबा, आईची गाडी मी नेऊ का? नाहीतरी उभी राहून सडतेय."

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? मास्तर म्हणाले, "ने. पण आधी दार नीट करतो. गंजक्या दाराची गाडी घेऊन माझी लेक जायची नाही."

"मग गॅरेजला टाका ना."

"गॅरेजवाल्याचा हात नको."

खरं कारण तेच होतं. ज्या माणसाने साधं काजसुद्धा कधी दुसऱ्याकडून करून घेतलं नाही, तो बायकोच्या पोच्यावर परक्याला हातोडी घालू देतो होय?

शेजारी एक रंगारी राहायचा. कपाटं आणि बसगाड्या रंगवण्यात त्याची उमर गेली होती. धंदा फवाऱ्याचा, आणि बोलायला लागला की समोरच्याच्या तोंडावर तुषार, म्हणून सगळी गल्ली त्याला फवाऱ्या म्हणे, आणि तोही खुशाल ओ देई. त्याने हवेचा कॉम्प्रेसर दिला, रंगाची गन दिली आणि सल्ले तर पोत्याने ओतले.

"मास्तर, हे कापड नाही. चुकलं तर उसवता येत नाही."

"घासता येतं ना? तेच उसवणं."

"जीभ बरी चालते हो तुमची. आता हातही चालू द्या."

मास्तरांनी दाराचं आतलं आवरण काढलं. त्यांच्या लेखी ते अस्तरच. आतून लाकडी ठोकळा लावून, हलक्या हाताने ठोकत पोचा बाहेर काढला. गंज घासून काढला, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. मग खळगे बुजवायची पुट्टी कालवायला घेतली, तर ती घट्ट करणारा हार्डनर जास्त पडला आणि पुट्टी लावायच्या पातीवरच दगड झाली. पुढच्या खेपेला कमी पडला, तर दुपार झाली तरी लोण्यासारखी मऊ. "स्वयंपाकातही तुमचं हेच होत असेल," फवाऱ्या भिंतीवरून म्हणाला. तरी जमलं शेवटी.

रंग जुळवायला ते पेट्रोलच्या टाकीचं झाकण घेऊन दुकानात गेले, बटणाला बटण जुळवायला जावं तसे. दुकानदाराने कंपनीचा नंबर बघून डबा काढून दिला. मास्तरांनी झाकणाला रंग लावून उन्हात धरला आणि डबा परत सरकवला. "हा गाडी नवी होती तेव्हाचा निळा. मला आजचा पाहिजे. विटलेला."

घासण्यात मात्र मास्तरांचा हात कोणी धरला नसता. पत्रा डोळ्यांना फसवतो, तळव्याला फसवत नाही. ते डोळे मिटून हात फिरवत, तळवा अडखळल्यासारखा वाटला की तिथे कडेने खडूने खूण करत, तेवढाच भाग घासत आणि खूण कोरड्या फडक्याने झटकून टाकत. शिंप्याची जन्माची सवय. साधा खडू प्रायमरवर टिकत नव्हता, म्हणून जाड लोकरी कोटांवर चालणारा चिवट खडू त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला होता.

मग रंग मारला, आणि पोचा परत आला.

फवाऱ्याने नाक जवळ नेऊन बघितलं. "तेल आहे. रंगाला तेल दिसलं की तो रुसलेल्या जावयासारखा मागे सरतो. डोक्याला तेल लावून दाराला टेकलात की काय?"

"डोक्यावर केस असते तर लावलं असतं."

घासून, धुऊन, पुन्हा प्रायमर. पुन्हा तळवा, पुन्हा खूण, पुन्हा फडकं. रंग मारला. रंग ओला होता तोवर नुसता आरसा, आणि मग मास्तर बघत असतानाच ती रेष हळूहळू उघडत गेली, कोणीतरी आतून श्वास सोडल्यासारखी. फवाऱ्याने कॉम्प्रेसरची नळी बदलली. तरी तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. तेव्हा मात्र फवाऱ्याला थट्टा सुचेना.

"तेल असतं तर कुठेही उमटलं असतं," तो म्हणाला. "दर वेळी तिथेच? आणि तसंच? मास्तर, वहिनी म्हणाल्या होत्या ना... राहू दे म्हणून?"

म्हणाला आणि त्याने जीभ चावली. पण शब्द सुटला तो सुटलाच.

त्या दिवसापासून मास्तरांचं कामातलं चित्त बदललं. घासताना हात जड व्हायचा. रंग मारून झाला की ते स्टूल ओढून दारासमोर बसत आणि रेष उघडायची वाट बघत. ती उघडली की मगच ते उठत. दुपारचं ताट घेऊन ते गाडीत जाऊन जेवत. भाजी अळणी झाली तर तेही तिला सांगत. ऐकून घेणारं कोणी आहे असं वाटलं की माणूस किती बोलतो, हे त्यांना या वयात कळलं. आणि अंगणातून घरात येताना ते मागे वळून बघत. एकदा तर बघितल्यावर त्यांनी "आलोच" असंही म्हटलं.

लेक सुट्टी घेऊन आली, गाडी घेऊनच परत जायचं ठरवून. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिचा पट्टा सुरू झाला.

"बाबा, आरशात बघा जरा. नाकात निळा, भुवया राखाडी. जेवता की नाही?"

"जेवतो की."

"कुठे? गाडीत. फवाऱ्याकाकांनी सगळं सांगितलंय मला."

"त्याच्या तोंडाला बूच नाही."

"आणि पोचा परत येतो म्हणे."

मास्तरांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"बाबा, मी रोज माणसं जाताना बघते. हात धरून बसते त्यांचा. गेलेलं कोणी परत येत नाही. गाडीच्या दारात तर नाहीच नाही."

"मी कुठे म्हणतोय येतं म्हणून?"

"मग दर वेळी स्टूल टाकून कोणाची वाट बघता?"

 उत्तर होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. पोचा मिटला तर ती कायमची गेली. नाही मिटला, तर दारासकट लेकीबरोबर दूर जाणार. दोन्हीकडून या घरात मास्तर एकटेच उरत होते. एवढंच होतं, पण हे पोटच्या पोरीला कसं सांगायचं?

फवाऱ्याने कॉम्प्रेसरला तेल अडवणारा नवा फिल्टर बसवला होता. दार पुन्हा घासून प्रायमर मारून झालं होतं. राखाडी, कोरं, काही न बोलणारं. उद्या शेवटचा रंग, मग जमो न जमो, लेक गाडी नेणार.

भांडणानंतरचं अवघडलेपण घालवायला लेकीने पिशवीतून पांढरी पँट काढली. "ड्युटीची आहे. पायात येते. आखूड करून द्या, तेवढाच तुमच्या हाताला पालट."

मास्तर पुढच्या खोलीत टेबलाशी बसले. माप घेतलं आणि सवयीने हात खिशात गेला. हातात आला तो दाराचा खडू. पातळ कापडावर त्याने खूण करायची नसते, पण लक्ष ठिकाणावर होतं कुठे? त्यांनी रेघ मारली, कड दुमडली, टीप घातली. रेघ कोरड्या फडक्याने झटकली. गेली. मग इस्त्री करायला पाणी शिंपडलं.

पाणी कापडात सगळीकडे मुरलं. फक्त जिथे रेघ होती तिथे मुरलं नाही. थेंब तिथून मागे सरले आणि दोन्ही कडांना मण्यांसारखे उभे राहिले.

मास्तर बघत राहिले. त्यांनी इस्त्री टेकवली. वाफ उडाली आणि खाली मेणाचा तेलकट डाग उरला.

मेण. लोकरी कोटाच्या खडूत मेण असतं. हलक्या कापडावर तो लावू नका, मेण उतरतं, हे स्वतः मास्तर वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले होते. आणि तेच मेण त्यांनी आपल्या हाताने, डोळे मिटून, दर वेळी दारावर लावलं होतं. तळव्याला पोच्याची कड पाठ झाली होती. सपाट पत्र्यावरही तो तीच कड शोधत होता, आणि खडू त्याच्यामागून चालत होता. चोर सापडला, तो घरचाच निघाला.

हसू यायला हवं होतं. आलं नाही. खोली एकदम मोठी वाटायला लागली. ती नव्हती. एकदाही नव्हती. तो सगळा वेळ अंगणात ते आणि त्यांचा खडू, एवढेच होते. अळणी भाजीचं त्यांनी कोणाला सांगितलं होतं?

त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग उठले. लेक खरं बोलत होती, तिला सांगायला हवं. तिच्या मनावरचं ओझं तरी उतरेल की बापाचं डोकं फिरलेलं नाही. ते दारापर्यंत गेले आणि खिडकीतून त्यांना अंगण दिसलं.

लेक गाडीशी उकिडवी बसली होती. डोळे मिटलेले. राखाडी दारावरून ती तळवा फिरवत होती, वरून खाली, मग आडवा. अगदी बापासारखी.

"आई," ती म्हणाली. आवाज इतका लहान की मास्तरांना तिची शाळा आठवली. "मी बाबांना ओरडले. ओरडायला लागतं ग, नाहीतर ते जेवणार नाहीत. पण तू ये हं उद्या. या वेळीही चुकवू नकोस. तिकडे माझं कोणी नाही. ड्युटी संपवून येते तर खोलीत दिवा लावायलाही मीच." ती थांबली. कपाळ दाराला टेकवलं. "येशील ना?"

मास्तर खिडकीपासून मागे सरले. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून भिंत धरून सरले.

लेक आत आली तेव्हा डोळे लाल होते. "त्या प्रायमरचा वास फार चुरचुरतो," ती म्हणाली.

"हो. वाईट असतो." मास्तरांनी पँट पाठीमागे धरली होती. "उद्या देतो पँट. कड जरा चुकली."

"तुमची? कड?"

"म्हातारा झालो."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर काम निघालं. रंग गाळायला मास्तरांनी लेकीला फवाऱ्याच्या अंगणात पिटाळलं. "दोघं मिळून गाळा. घाई करू नका." मग त्यांनी थिनरमध्ये फडकं बुडवून सगळं दार पुसलं, कोपऱ्यासकट, कुठे मेणाचा कण उरू नये असं. आता रंग मारला तर तो पाण्यासारखा सपाट बसणार होता. असं दार आयुष्यात एकदाच जमतं.

त्यांनी खिशातून खडू काढला.

डोळे मिटून तळवा टेकवला. फिरवला. हाताला काही लागेना. काल-परवापर्यंत जी कड बोटांना पाठ होती ती कुठेच नव्हती. दार सपाट होतं आणि आता हातालाही ते माहीत झालं होतं. मास्तरांनी पुन्हा फिरवला, सावकाश, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा. नाहीच. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि आठवून, अंदाजाने, मुंढ्याचा वळसा काढला. हजारो मुंढे त्या हाताने फर्मा न ठेवता कापले होते. आज एका रेघेला त्याला दोनदा थांबावं लागलं. पलीकडून फवाऱ्याचं खोकणं आणि लेकीचं हसणं जवळ येत होतं. मास्तरांनी कोरड्या फडक्याने रेघ झटकली आणि खडू पुन्हा खिशात टाकला.

"आणा रंग," ते ओरडले.

गन चालली. निळं धुकं उडालं, दारावर बसलं, खाली फरशीवर उतरलं. पहिला हात, मग थांबून दुसरा. दार आरशासारखं झालं आणि त्यात तिघांचे चेहरे दिसले.  मास्तर स्टूलवर बसले नाहीत. लेक पुढे सरून उभी होती, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून.

रेष उघडायला लागली. आधी वरच्या वळणाशी, मग खाली खाली.

लेकीने तोंडावर हात ठेवला. फवाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. "नमस्कार, वहिनी," तो हळूच म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्याचा तुषार कोणावर उडाला नाही. मास्तर जमिनीकडे बघत होते.

लेक वाकून बघत राहिली. बोट न लावता, हवेतच तिने त्या वळशावरून बोट फिरवलं. "बाबा, या वेळी लहान वाटतो. आधीचा मोठा होता ना? फवाऱ्याकाकांनी फोटो पाठवला होता तो?"

"असेल," मास्तर म्हणाले.

"आटत चाललाय का?"

मास्तरांनी गनचं झाकण घट्ट केलं. "असं होतं," ते म्हणाले. "हळूहळू होतं."

रंग वाळल्यावर ते खळग्यांशी बसले. उघडे ठेवले तर पुन्हा गंज धरला असता. त्यांनी बारीक ब्रश घेऊन एकेका खळग्यात पारदर्शक लॅकर भरलं, काज विणावं तसं, टाक्याला टाका लावून. "आता पाणी शिरणार नाही," त्यांनी लेकीला सांगितलं. "डाग जाणारही नाही. असू दे ना?"

"असू दे," ती म्हणाली, आणि लहानपणी मिठी मारायची तशी मिठी मारली. त्यांच्या शर्टाच्या खिशातला खडू दोघांच्या मध्ये आला. तिला टोचला असेल, पण तिने मिठी सोडली नाही.

निघायच्या दिवशी तिने पिशव्या मागे टाकल्या, आखूड केलेली पँट वर ठेवली आणि आईच्या जागी बसली. गुडघे स्टिअरिंगला लागले. "सीट मागे घेऊ का, बाबा?" तिने विचारलं, परवानगी मागावी तसं.

"घे. तुझे पाय लांब आहेत."

सीट करकरत मागे गेली. मग तिने आरसा स्वतःकडे वळवला. मास्तरांनी तेवढा वेळ दुसरीकडे बघितलं.

"येता का थोडं पुढपर्यंत? वळणावर उतरवते."

"नको. तू नीट जा. पोचलीस की फोन कर."

गाडी फाटकातून बाहेर पडली, खांबाला न लागता. गल्लीच्या टोकाशी वळताना ते निळं दार एकदा उन्हात चमकलं. एवढ्या लांबून त्यावर काही दिसत नव्हतं.

मास्तर अंगणात वळले तेव्हा त्यांना फरशी दिसली. रंग मारताना उडालेलं निळं धुकं खाली बसून वाळलं होतं. एका बाजूला त्याची सरळ कड होती, आणि बाकीच्या बाजूंना इतक्या दिवसांची धूळ. मधोमध गाडीएवढी जागा कोरी, स्वच्छ. चाकांचे चार चट्टे, आणि मास्तर बसत त्या शेजारच्या सीटखाली येत असेल तो कोपरा.

"मास्तर!" फवाऱ्या भिंतीवरून ओरडला. "थिनर आणू का? फरशी निघेल एका फडक्यात."

"उद्या बघू," मास्तर म्हणाले.

फाटक उघडंच होतं. ते लावायला सरळ गेले असते तर चार पावलं. मास्तर सरळ गेले नाहीत. निळ्या कडेच्या बाहेरून, भिंतीला धरून, सावकाश फाटकापर्यंत गेले, कडी घातली, आणि त्या कोऱ्या जागेत पाय पडू न देता तसेच कडेकडेने परत आले.